परसातल्या पेटीत घुबडाचा हिवाळा. पाहताना काय पाळायचे?

अमेरिकेच्या पूर्व भागात हिवाळ्यात अनेक घरांच्या परसात एक पाहुणा दिसतो. झाडावरच्या लाकडी पेटीच्या गोल भोकात, डोळे मिटून ऊन खाणारे वीतभर घुबड. हे ‘ईस्टर्न स्क्रीच आउल’. आकाराने साधारण आपल्या पिंगळ्याएवढे.

पेटीत का येते?
हे घुबड घरटे बांधत नाही आणि ढोलीही कोरत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा लाकूड कुजून झालेली ढोली ते वापरते. वाळकी झाडे तोडली की ढोल्याही जातात. ती उणीव पेटी भरून काढते.

हिवाळ्यातच का?
ते स्थलांतर करत नाही. पानगळीनंतर झाडावर आडोसा उरत नाही. ढोलीत बोचरा वारा लागत नाही आणि दिवसा त्रास देणारे इतर पक्षीही टळतात. उरलेली शिकार ते तिथेच साठवते.

पेटी कशी हवी?
भोक सुमारे ३ इंचांचे, उंची जमिनीपासून किमान १० फूट आणि तळाशी २-३ इंच लाकडाचे छिलके. घुबड काड्या आणत नाही. वसंतात अंडी थेट तळावरच घालते. कॅमेरा लावायचा तर घुबड येण्याआधीच.

पाहायचे कसे?
सूर्यास्ताच्या सुमारास, लांबून, दुर्बिणीने. ते भोकात येऊन बसते आणि मग आवाज न करता उडून जाते. टॉर्च, फ्लॅश, पेटीवर टकटक नको. मोबाइलवर त्याचा आवाजही वाजवू नये. दिवसा हुसकावलेले घुबड उघड्यावर पडते.

मोठा धोका कोणता?
उंदराचे विष. रक्त गोठू न देणारे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होतो, सहज सापडतो आणि तेच विष घुबडाच्या पोटात जाते. पेटी लावून आवारात विष ठेवणे म्हणजे पाहुण्याला बोलावून मारणे.

आपल्याकडे काय?
पिंगळा आणि गव्हाणी घुबडही ढोल्यांत, जुन्या भिंतींच्या पोकळ्यांत राहतात. गव्हाणी घुबड तर शेतकऱ्याचे उंदीर फुकटात कमी करते. तरीही अंधश्रद्धेपोटी घुबडे मारली जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणे, मारणे, विकणे गुन्हा आहे. ढोलीचे जुने झाड राखले आणि विषाऐवजी पिंजरा लावला, तरी त्यांना मोठा आधार मिळेल.