उसातली बाळंतीण

मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आज माळ्यावर, उद्या शेजारणीच्या कपाटात! जागेचा संशय आला, की बाईंचे बिऱ्हाड हलले.

मांजर वाघाची मावशी; म्हणजे बिबट्याची मादी तिची भाचीच. कुकडी-घोडच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि या भाचीने त्यातच बाळंतपणाची खोली शोधली. तोडणीच्या वेळी मजुरांना बछडी सापडतात. ती दूर नेली, तर आई कासावीस होऊन वस्तीभोवती घिरट्या घालते. म्हणून माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली मंडळी बछडी तपासून, अंधार पडताना त्याच जागी खोक्यात ठेवतात. रात्री आई येते आणि मानेला अलगद धरून एकेक घेऊन जाते.

तेव्हा वाचकहो, उसात गोजिरवाणे पिल्लू दिसले, तर कौतुकाने उचलू नका. ते पोरके नसते. आई जवळच असते!