सिस्टर, थांबा हं इथंच!

26/11 म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सीएसटी, ताजमधून निघणारा धूर, आणि करकरे, कामटे, साळसकर ही नावं. आपण तेव्हा बालवाडीत, फार तर पहिली-दुसरीत. जे कळलं ते नंतर, घरच्यांकडून आणि पडद्यावरून. पण त्या रात्रीचं अजून एक नाव आपल्याला पाठ असायला हवं. अंजली कुलथे. त्या पोलिस नव्हत्या की कमांडो नव्हत्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमध्ये त्या नाईट ड्युटीवर असलेल्या सिस्टर होत्या.

कामा हे सीएसटीजवळचं बायका-मुलांचं सरकारी हॉस्पिटल. सीएसटीवर गोळीबार करून कसाब आणि त्याचा साथीदार मागच्या बाजूनं तिथं घुसले. गेटवरचे दोन रखवालदार त्यांनी मारले. कुलथेंच्या वॉर्डात तेव्हा 20 गरोदर बायका होत्या. त्यांनी वॉर्डाचे जड दरवाजे लावून घेतले आणि सगळ्याजणींना वॉर्डाच्या टोकाला असलेल्या छोट्याशा पॅन्ट्रीत नेलं. गोळी लागलेल्या एका सहकारी बाईंना उपचारासाठी पोचवण्याचं कामही त्यांनीच केलं.

आता जरा विचार करा. बाहेर गोळ्या आणि हातबॉम्बचे आवाज. आत अंधारात दाटीवाटीनं बसलेल्या वीसजणी. आणि त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिचं बीपी आधीच वाढलेलं. गरोदरपणात बीपी फार वाढलं तर झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. म्हणजे ‘थांबू या, सगळं शांत झालं की बघू’ असं म्हणायची सोय नव्हती. डॉक्टर वॉर्डात येऊ शकत नव्हते. मग कुलथेंनी तिचा हात धरला. भिंतीच्या आधारानं, एकेक पाऊल टाकत, तिला धीर देत त्या तिला लेबर रूमपर्यंत घेऊन गेल्या. बाळ सुखरूप जन्मलं. वॉर्डातल्या वीसही जणी वाचल्या.

पुढं त्यांनी कसाबला ओळखलं, कोर्टात साक्ष दिली. साक्षीला जाताना अंगावर नर्सचा युनिफॉर्मच हवा, हा त्यांचा आग्रह होता. डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही त्या व्हिडिओवरून बोलल्या.

भारी आहे ना? पण मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू? त्या रात्री कुलथेंनी जे केलं, ते सिस्टर रोजच करतात. पेशंट मोजायचे, कुणाचं बीपी वाढलंय ते लक्षात ठेवायचं, कळा देणाऱ्या बाईचा हात सोडायचा नाही, घाबरलेल्या माणसाशी हळू आवाजात बोलायचं. रोजची सवय होती म्हणून ती त्या रात्री कामी आली.

आणि हात धरणं ही नुसती भावनिक गोष्ट नाही बरं का. 17 देशांतल्या 15 हजारांहून जास्त बायकांवर झालेले 26 अभ्यास 2017 मध्ये एकत्र तपासले गेले. बाळंतपणात कुणीतरी सतत सोबत असेल तर सिझेरियनचं प्रमाण कमी होतं, कळांचा काळ थोडा कमी होतो आणि बाळंतपणाची वाईट आठवणही कमीजणींच्या मनात राहते, असं त्यातून दिसलं.

आपल्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. 2019 आणि 2021 चा महापूर आपण पाहिलाय. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, पाणी गेलं 55 च्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद. बोटीतून बाहेर काढलेल्या माणसांत दिवस भरत आलेल्या बायकाही होत्या. अशा वेळी गावात कुणाची तारीख जवळ आलीय हे आशाताईंना आणि आरोग्यसेविकांना माहीत असतं, म्हणून तिला पाणी चढायच्या आधी हलवता येतं. इथंही काम तेच. मोजायचं, लक्षात ठेवायचं, वेळेत हात धरायचा.

मग तुमचा-आमचा यात काय संबंध? आहे की! उद्या ताई, वहिनी, मैत्रीण सीपीआरला, म्हणजे जुन्या माणसांच्या थोरल्या दवाखान्यात, नाहीतर गावच्या ग्रामीण रुग्णालयात दाखल होईल. तेव्हा धावपळ करायला घरातलं तरुण पोरगं किंवा पोरगीच असते. तर एवढं माहीत असू द्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि येण्या-जाण्याची गाडी मोफत असते. 2011 पासून तशी योजनाच आहे. गाडीसाठी 102, तातडीच्या वेळी 108. आणि 2016 पासून सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईसोबत एक सोबतीण थांबू शकते. शक्यतो बाळंतपण अनुभवलेली बाई. जिथं इतर बायकांचा आडोसा नीट जपला जातो, तिथं नवराही. म्हणजे बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बाबालाही आत जागा मिळू शकते. सोबतीणीला संसर्गाचा आजार नको, कपडे स्वच्छ हवेत आणि स्टाफच्या कामात ढवळाढवळ नको, एवढंच.

एका सिस्टरच्या वाट्याला एका वेळी बरेच पेशंट असतात. ‘सिस्टर, थांबा हं इथंच!’ असं प्रत्येकीला म्हणावंसं वाटतं, आणि प्रत्येकीजवळ त्या थांबू शकत नाहीत. सोबतीण असली तर एक हात तिनं धरायचा, बाकीचं सिस्टर बघतात. तेव्हा घरात कुणाची तारीख जवळ आली असेल तर आजच दोन कामं करा. तपासणीची फाईल एका पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. आणि तिलाच विचारा, ‘तुझ्यासोबत आत कोण हवंय?’