१०८ व्या वर्षी गिनीजमध्ये पोहोचलेल्या केशकर्तनकार आजी

जपानच्या शित्सुई हाकोइशी आजींबद्दल वाचलंय का? जन्म १९१६ चा, तोचिगी प्रांतातल्या नाकागावाचा. चौदाव्या वर्षी टोकियोत केस कापायला शिकायला गेल्या, १९३६ मध्ये परवाना मिळवला आणि पुढे नवऱ्याबरोबर सलून थाटलं. युद्धात नवरा गेला, मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात दुकानही खाक झालं. पदरात दोन मुलं. तरी १९५३ मध्ये गावी परतून त्यांनी पुन्हा सलून उघडलं!

२०२१ मध्ये, १०४ व्या वर्षी, त्यांनी हातात ऑलिंपिकची मशाल धरली. मार्च २०२५ मध्ये गिनीजने जगातल्या सर्वांत वयोवृद्ध महिला केशकर्तनकार म्हणून त्यांची नोंद केली. तेव्हाही रोज सकाळी व्यायाम करायचा त्यांचा नेम होता आणि हातात कात्री होती.

तुमच्याही घरात अशी कष्टाळू पणजी असेल, तर तिच्याबद्दल कमेंटमध्ये नक्की लिहा.