दोन गुणांचा संधी खर्च

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिका मी वीसहून अधिक वर्षे तपासतो आहे. त्यात एक प्रश्न हमखास असतो : ‘संधी खर्च म्हणजे काय?’ गुण दोन. उत्तरही ठरलेले असते : एखादी निवड करताना ज्या सर्वोत्तम पर्यायाचा त्याग करावा लागतो, त्या पर्यायाचे मूल्य म्हणजे संधी खर्च. विद्यार्थी हे वाक्य लिहितात, मी दोन गुण देतो आणि पान उलटतो. या दोन गुणांनी नेमके काय मोजले, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला नव्हता. तो पडला एका अमेरिकी शोधनिबंधामुळे.

जॉर्जिया स्टेट विद्यापीठातील पॉल फेरारो आणि लॉरा टेलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2005 मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात 199 जणांना एकच प्रश्न विचारला. हे सगळे व्यवसायाने अर्थशास्त्रज्ञ होते. प्रश्नाचा आशय असा : एरिक क्लॅप्टनच्या मैफलीचे तिकीट तुम्हाला फुकट मिळाले आहे, पण ते विकून पैसे मिळणार नाहीत. त्याच संध्याकाळी बॉब डिलनचीही मैफल आहे आणि क्लॅप्टनखालोखाल तुम्हाला तीच करण्याजोगी वाटते. डिलनचे तिकीट 40 डॉलरला आहे. डिलनला ऐकण्यासाठी तुम्ही एरवी 50 डॉलरपर्यंत मोजायला तयार असता. दुसरा कोणताही खर्च नाही. तर क्लॅप्टनला ऐकायला जाण्याचा संधी खर्च किती? पर्याय चार : 0, 10, 40 आणि 50 डॉलर. वाचकांनी पुढे वाचण्याआधी आपले उत्तर मनाशी ठरवावे.

मी 50 वर खूण केली होती. फेरारो आणि टेलर यांच्या मते ते चूक आहे. डिलनची मैफल हुकली, म्हणजे 50 डॉलर मोलाचा आनंद हुकला हे खरे. पण त्यासाठी द्यावे लागणारे 40 डॉलर तर खिशातच राहिले. म्हणजे प्रत्यक्षात गमावले ते 10 डॉलर. हे उत्तर 199 पैकी फक्त 21.6 टक्के अर्थशास्त्रज्ञांनी दिले. 27.6 टक्क्यांनी 50, 25.6 टक्क्यांनी 40, तर 25.1 टक्क्यांनी शून्य हे उत्तर दिले. चार पर्यायांवर डोळे मिटून बोट ठेवले तरी सरासरीने 25 टक्के उत्तरे बरोबर यायला हवीत. तज्ज्ञांची कामगिरी त्याहूनही कमी भरली. विद्यार्थ्यांचे निकाल आणखी विचार करायला लावणारे होते. अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांपैकी 7.4 टक्क्यांचे उत्तर बरोबर आले, तर ज्यांनी तो कधीच शिकला नव्हता त्यांच्यापैकी 17.2 टक्क्यांचे.

‘प्राथमिक अर्थशास्त्र शिकवून नेमके काय उरते?’ ही शंका त्याआधीही घेतली गेली होती. पुढे नोबेल पुरस्कार मिळालेले जॉर्ज स्टिग्लर यांनी 1963 मध्येच असा अंदाज मांडला होता की, पदवीनंतर पाच वर्षांनी परीक्षा घेतली, तर अर्थशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम केलेले आणि न केलेले यांच्यात फरक दिसणार नाही. ही शंका मोजून पाहण्यासाठी एक प्रमाणित चाचणी हवी होती. अमेरिकेत तशी महाविद्यालयीन अर्थशास्त्राची चाचणी 1968 मध्ये तयार झाली आणि पुढे तिच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. चौथ्या आवृत्तीत सूक्ष्म अर्थशास्त्राचे 30 प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला चार पर्याय आहेत. सत्राच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांचे सरासरी 9 च्या आसपास प्रश्न बरोबर येत आणि सत्र संपल्यावर 13 च्या आसपास. निव्वळ अंदाजाने 7 ते 8 बरोबर येतात हे लक्षात घेतले, म्हणजे ही वाढ किती माफक आहे ते कळते.

या चाचणीतली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे तिने केलेली प्रश्नांची वर्गवारी. पहिल्या प्रकारात संकल्पना ओळखायची आणि समजली आहे हे दाखवायचे असते. दुसऱ्या प्रकारात संकल्पनेचे नाव प्रश्नातच दिलेले असते, ती फक्त लावून दाखवायची असते. तिसऱ्या प्रकारात नाव कुठेच नसते. समोर एक प्रसंग असतो आणि कोणती संकल्पना लागू पडते हे विद्यार्थ्यानेच शोधायचे असते. आमच्या प्रश्नपत्रिका या कसोटीवर लावून पाहिल्या तेव्हा व्याख्या, फरक स्पष्ट करा, गुणवैशिष्ट्ये लिहा, असे जवळपास सगळे प्रश्न पहिल्याच प्रकारात बसले. तिसऱ्या प्रकारातला प्रश्न शोधून सापडेना. आणि आयुष्यात मात्र फक्त तिसऱ्या प्रकारचे प्रश्न येतात. ‘हा संधी खर्चाचा प्रश्न आहे’ अशी पाटी लावून कोणतीही अडचण दारात येत नाही.

म्हणून मी वर्गात दोन प्रश्न विचारून पाहिले. पहिला झेंडूचा. दसऱ्याला झेंडूचा भाव एरवीच्या कितीतरी पट होतो, तरीही त्या दिवशी फुले जास्त खपतात. मग किंमत वाढली की मागणी घटते हा नियम खोटा ठरला का? ‘मागणीचा विस्तार’ आणि ‘मागणीतील वृद्धी’ यांतला फरक तक्त्यासह लिहून चार गुण मिळवलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘हो, हा अपवाद आहे’ असे उत्तर दिले. खरे उत्तर त्या तक्त्यातच होते. नियम ‘इतर परिस्थिती कायम असताना’ लागू होतो. दसऱ्याला परिस्थितीच बदलते. प्रत्येक दाराला तोरण हवे असते, त्यामुळे सगळा मागणी वक्रच उजवीकडे सरकतो. भाव चढला म्हणून खप वाढलेला नसतो, मागणी वाढली म्हणून भाव आणि खप दोन्ही चढलेले असतात. त्याच दसऱ्याला झेंडू आणखी महाग असता, तर लोकांनी तोरणे आखूड केली असती. हे मुलांना ठाऊक होते, पण ठाऊक असलेले आणि पुस्तकातले यांची गाठ कधी पडली नव्हती.

दुसरा प्रश्न शेतीचा होता. वर्गातली निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांच्या घरची. प्रश्न असा : एका कुटुंबाची स्वतःची पाच एकर जमीन आहे. सोयाबीनसाठी बियाणे, खत, फवारणी, बाहेरची मजुरी, मळणी आणि वाहतूक मिळून 90,000 रुपये रोख खर्च झाला. घरच्या माणसांनी मिळून 100 दिवस शेतात काम केले. गावात मजुरीचा दर दिवसाला 400 रुपये आहे. जमीन खंडाने दिली असती, तर 60,000 रुपये मिळाले असते. 40 क्विंटल सोयाबीन 4,500 रुपये भावाने विकले. कुटुंबाला फायदा झाला की तोटा, आणि किती? संधी खर्च हा शब्द मी प्रश्नात मुद्दाम घातला नव्हता.

बहुतेकांनी 1,80,000 मधून 90,000 वजा करून 90,000 रुपये फायदा लिहिला. काहींनी घरची मजुरी 40,000 धरून 50,000 लिहिला. जमिनीचा खंडही धरून 10,000 रुपये तोटा असे लिहिणारे मोजकेच निघाले.

ही नुसती वर्गातली आकडेमोड नाही. आपल्या शेतमालाच्या भावाचा वाद नेमका इथेच उभा आहे. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च वेगवेगळ्या प्रकारे मांडतो. ‘ए-2’ मध्ये प्रत्यक्ष केलेला खर्च येतो. ‘ए-2 अधिक एफएल’ मध्ये घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले जाते. ‘सी-2’ मध्ये त्यापुढे जाऊन स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही धरले जाते. भांडवलावरचे व्याज सोपेपणासाठी सोडले, तर वरच्या उदाहरणात क्विंटलमागे खर्च अनुक्रमे 2,250, 3,250 आणि 4,750 रुपये येतो. डॉ. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शेतकरी आयोगाने उत्पादन खर्चावर किमान 50 टक्के अधिक हमीभाव असावा अशी शिफारस केली. 2018-19 च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती ‘ए-2 अधिक एफएल’ धरून, तर अनेक शेतकरी संघटनांची मागणी ‘सी-2’ धरण्याची आहे. आमच्या उदाहरणात पहिल्या हिशेबाने भाव 4,875 रुपये होतो, दुसऱ्याने 7,125. क्विंटलमागे 2,250 रुपयांचा हा फरक संधी खर्चात काय धरायचे यावर ठरतो. शरद जोशींच्या चळवळीने महाराष्ट्रात ‘घामाचे दाम’ मागितले, तेव्हाही शेतकऱ्याचे न मोजलेले कष्ट खर्चात धरा, हाच आग्रह त्यामागे होता. तीच संकल्पना आमची मुले दोन गुणांसाठी पाठ करत होती आणि घरच्या जमाखर्चात मात्र तिला ओळखत नव्हती.

इथवर मी परीक्षकाच्या खुर्चीत होतो. त्या खुर्चीतून मला एका विद्यार्थिनीने उठवले. तिचे उत्तर 14,000 रुपये फायदा असे होते. मी चूक अशी खूण केली. तास संपल्यावर ती वही घेऊन आली.

“सर, घरच्यांनी 100 दिवस शेतात काम केलं नसतं, तर तेवढे दिवस बाहेर काम मिळालंच असतं, हे कुणी सांगितलं? आमच्याकडे पेरणी-काढणी सोडली तर कामच नसतं. मी 40 दिवस धरले. 40 गुणिले 400, म्हणजे 16,000. जमिनीचे 60,000 धरलेत.”

मी हिशेब पुन्हा केला. 90,000 वजा 16,000 वजा 60,000. बरोबर 14,000.

“आणि सर, माझ्या आईला 400 कुणी देत नाही. बायकांची मजुरी कमी असते. ते धरलं असतं तर फायदा अजून वाढला असता.”

तिचे उत्तर माझ्या नमुना उत्तरापेक्षा अधिक बरोबर होते. संधी खर्च म्हणजे खरोखर उपलब्ध असलेल्या पर्यायाचे मूल्य. पर्यायच नसेल तर बाजारातला दर डोळे झाकून लावता येत नाही. मी प्रश्नात गृहीत धरलेली गोष्ट तिने पकडली होती. तिला मी पूर्ण गुण दिले आणि प्रश्न बदलला.

त्या दिवशी मला फेरारो आणि टेलर यांच्या प्रश्नाची पुढची हकीगतही नीट उमगली. 2012 मध्ये जोएल पॉटर आणि शेन सँडर्स यांनी त्या प्रश्नाला उत्तर म्हणून एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे की, संधी खर्चाची व्याख्या वाटते तितकी एकमुखी नाही आणि चारही पर्यायांचे समर्थन करता येते. माझ्या 50 डॉलरचेच घ्या. समजा, क्लॅप्टनची मैफल मला 15 डॉलर मोलाची वाटते. खर्च 10 धरला, तर 15 हे 10 पेक्षा जास्त, म्हणून जावे. खर्च 50 धरला, पण वाचलेले 40 डॉलर लाभाच्या बाजूला मांडले, तर लाभ 55 होतो, म्हणजे तरीही जावे. निर्णय तोच. फरक पडतो तो 40 डॉलर कोणत्या रकान्यात लिहायचे एवढ्यात. चूक होते ती 50 हा खर्च धरून वाचलेले 40 विसरणाऱ्याची. आणि ते उत्तर नुसती खूण पाहून ओळखता येत नाही, कारण विचारायला हवे होते : ‘जाल की नाही, आणि का?’

म्हणून आता मी अंतर्गत परीक्षेत आकड्याला अर्धे आणि कारणाला अर्धे गुण ठेवतो. तपासायला वेळ जास्त लागतो. मोठ्या परीक्षेत हे कितपत जमेल, ही अडचण खरी आहे. हजारो उत्तरपत्रिका तपासायच्या तर व्याख्या सोयीची, कारण तिथे वाद होत नाही.

त्या मुलीने जाताना आणखी एक प्रश्न विचारला होता : “मग आईला दुसरं काम नाही, म्हणून तिच्या कष्टाची किंमत कमी, असंच म्हणायचं का?” मी तिला सांगितले की यात दोन वेगळे प्रश्न आहेत. सोयाबीन पेरावे की जमीन खंडाने द्यावी, हे ठरवताना तिचा हिशेब बरोबर आहे. पण तिच्या आईला कष्टाचे किती मिळायला हवे, हे त्या हिशेबाने ठरत नाही. उलट, पर्याय नाहीत म्हणूनच ते कष्ट स्वस्त पडतात. सूक्ष्म अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते आणि दुसरा नेमका कुठे सुरू होतो ते दाखवते.

हे उत्तर तिला पुरेसे वाटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. विद्यापीठाच्या परीक्षेत त्या वर्षीही प्रश्न आला : ‘संधी खर्च म्हणजे काय?’ गुण दोन. तिने व्याख्या लिहिली असणार आणि तिला दोन गुण मिळाले असणार.