इफ्तारच्या दस्तरखानावर मशरूमच्या शेवया

असरची नमाज झाली, की जुन्या जालन्यात आणि कादराबादेत इफ्तारच्या खरेदीची लगबग सुरू होते. खजूर, टरबूज, भजी, समोसे तर असतातच. आता मुलांच्या हट्टापायी हक्का नूडल्सही अनेक घरांत दस्तरखानावर आल्या आहेत. घरातल्या एखाद्या मधुमेही आजोबांसमोर मात्र वेगळी ताटली येते. त्यात उकडलेली भाजी, एखादी काकडी, फार तर अर्धी भाकरी. आजोबा काही बोलत नाहीत. पण नातवाच्या ताटातला एक घास उचलतातच. तो घास दोनाचे चार केव्हा होतो, हे ना त्यांच्या लक्षात येते, ना घरच्यांच्या.

रोजा सोडताना सगळ्यांनी एका दस्तरखानावर बसून एकच अन्न खावे, यात रमजानचा खरा गोडवा आहे. मग मधुमेही माणसाचे ताट वेगळे काढण्यापेक्षा सगळ्यांच्या ताटातला एखादा पदार्थ बदलला तर? मैद्याच्या नूडल्सऐवजी मशरूमच्या नूडल्स हा असाच एक घरगुती बदल आहे. शेवया हा शब्द आपल्याला जवळचा, म्हणून त्यांना मशरूमच्या शेवया म्हणायलाही हरकत नाही.

आकडे काय सांगतात?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. हा आजार धर्म पाहून येत नाही. त्यामुळे इफ्तारच्या ताटाचा हा प्रश्न चतुर्थीच्या किंवा एकादशीच्या फराळाच्या ताटाचाही आहे. दिवसभराच्या उपवासानंतर एकदम मैदा, साबुदाणा, बटाटा आणि साखर पोटात गेली, की रक्तातली साखर झपाट्याने चढते.

मैद्याच्या १०० ग्रॅम कोरड्या नूडल्समध्ये साधारण ७० ते ७५ ग्रॅम कर्बोदके असतात. एका माणसाच्या ताटात ७५ ग्रॅम नूडल्स शिजवल्या तर ५० ग्रॅमच्या वर कर्बोदके एका बैठकीत जातात. १०० ग्रॅम ताज्या धिंगरी मशरूममध्ये मात्र ती ६ ग्रॅमच्या आसपास असतात आणि त्यातही दोन ग्रॅम तर तंतूच. सोबत तीनेक ग्रॅम प्रथिने मिळतात. उरते ते बहुतेक पाणी. म्हणजे २०० ग्रॅम मशरूमची ताटली संपवली तरी हिशेब १२ ग्रॅमवर थांबतो.

धिंगरी कशासाठी?

मराठीत मशरूमला अळिंबी म्हणतात, उर्दूत खुंबी. हदीसमध्ये ‘कमअह’चा उल्लेख ‘मन्न’ म्हणजे ईश्वराने दिलेल्या अन्नाच्या संदर्भात येतो. उर्दू भाषांतरांत त्यासाठी खुंबी हाच शब्द वापरलेला दिसतो. ती कमअह वाळवंटात जमिनीखाली वाढते. आपल्या बाजारातली धिंगरी वेगळी. दोघींचे कूळ मात्र बुरशीचेच.

बाजारात बटन मशरूम सहज मिळते. नूडल्ससाठी धिंगरी अधिक सोयीची, कारण तिचे तंतू लांब असतात आणि ती हाताने उभी फाडली की आपोआप पट्ट्या निघतात. ना यंत्र लागते, ना साचा. शेतात, उकिरड्यावर उगवलेली कुत्र्याची छत्री मात्र कधीही खाऊ नये. विषारी आणि खाण्याजोगी छत्री नुसत्या नजरेने ओळखणे धोक्याचे आहे. लागवडीचे, पाकीटबंद मशरूमच घ्यावे.

पहिली पद्धत : फाडलेल्या शेवया

साहित्य (चार जणांसाठी) : धिंगरी मशरूम ८०० ग्रॅम, उभी चिरलेली कोबी, सिमला मिरची आणि पातीचा कांदा, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, दोन हिरव्या मिरच्या, दोन चमचे तेल, मिरपूड, मीठ, लिंबू. आवडीप्रमाणे अंड्याची भुर्जी, चिकनचे उकडलेले तुकडे किंवा पनीर.

कृती : मशरूमच्या बुडाचा कडक भाग काढावा. पाण्यात भिजत घालू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. वरून खाली बारीक पट्ट्या फाडाव्यात. पसरट कढई चांगली तापवून तेल न घालता पट्ट्या थोड्या-थोड्या करून टाकाव्यात. सगळ्या एकदम टाकल्या तर त्या आपल्याच पाण्यात शिजून लिबलिबीत होतात. मीठही आत्ताच नको, त्याने पाणी जास्त सुटते. पाच-सहा मिनिटांत पाणी आटून कडा तांबूस झाल्या, की पट्ट्या बाजूला काढाव्यात. आकारमान निम्म्यावर येते, त्यामुळे आधी ढीग पाहून घाबरू नये.

त्याच कढईत तेल घालून आले, लसूण, मिरची परतावी. भाज्या मोठ्या आचेवर दोन मिनिटे हलवाव्यात. मग पट्ट्या, अंडे किंवा चिकन, मिरपूड आणि शेवटी मीठ घालावे. लिंबू पिळून गरमच वाढावे. टोमॅटो सॉस आणि कॉर्नफ्लोअर टाळावे. एकात साखर असते, दुसऱ्यात स्टार्च; मैदा वाचवून मिळवलेले तिथेच निसटते. सोया सॉस घातला तर मीठ कमी करावे, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या रोजात तहान छळते.

दुसरी पद्धत : कापलेल्या शेवया

बटन मशरूम मिळाले असेल तर ही पद्धत. २५० ग्रॅम मशरूम बारीक चिरून कोरड्या कढईत पाणी आटेपर्यंत परतावे. थंड झाल्यावर दोन अंडी, एक मोठा चमचा इसबगोल आणि चवीपुरते मीठ घालून मिक्सरमधून काढावे. दहा मिनिटे ठेवले की इसबगोल फुलून मिश्रण घट्ट होते. ते तेल लावलेल्या नॉनस्टिक तव्यावर पातळ पसरून, झाकण ठेवून मंद आचेवर भाजावे आणि हलक्या हाताने उलटावे. निवल्यावर सुरळीच्या वडीसारखी गुंडाळी करून सुरीने बारीक कापावे. उलगडले की शेवया तयार. त्या रश्श्यात उकळू नयेत, तुटतात. वाढताना वरून गरम यखनी किंवा सूप ओतावे. अंडे न खाणाऱ्यांनी पहिलीच पद्धत धरावी. बेसन घालून मिश्रण बांधता येते, पण कर्बोदके वाढतात.

हे औषध नाही

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मशरूमने मधुमेह बरा होत नाही. ताटातला मैदा कमी होतो, एवढेच. उलट, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवून कर्बोदके अचानक तोडली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. थरथर, घाम, गोंधळ ही तिची लक्षणे. म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा आणि वेळा ठरवून घ्याव्यात. मूत्रपिंडाचा किंवा युरिक ॲसिडचा त्रास असलेल्यांनी मशरूम किती खावे, तेही विचारावे.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने २०२१ मध्ये निघालेल्या रमजानविषयक मार्गदर्शक सूचना सांगतात, की साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडावा. बोट टोचून तपासणी केल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमांचेही मत आहे. आजारी माणसाला तर कुरआननेच सवलत दिली आहे. ती घेणे म्हणजे श्रद्धा उणी पडणे नव्हे.

सहरीला मात्र नुसत्या मशरूमवर भागवू नये. त्यात उष्मांक फार कमी असतात, दुपारपर्यंतही पुरणार नाहीत. आपली ज्वारीची भाकरी, डाळ, दही, अंडे हेच तिथे बरे. ईदच्या शीरखुर्म्यातही मशरूम घालण्याचा अट्टहास नको. तिथे खऱ्या शेवयाच हव्यात. वाटी तेवढी लहान असावी.

बियाण्यांच्या शहरात अळिंबीचे बी

जालना हे बियाण्यांचे शहर. अळिंबीचे ‘बी’, म्हणजे स्पॉन, गहू किंवा ज्वारीच्या शिजवलेल्या दाण्यांवरच वाढवतात. धिंगरीला शेतही लागत नाही. निर्जंतुक केलेला गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा पिशवीत थरांनी भरून त्यात स्पॉन पेरतात. २० ते ३० अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मिळाली, की तीन-चार आठवड्यांत पहिला तोडा येतो. आपल्याकडे पावसाळा आणि हिवाळा त्याला मानवतो. भर उन्हाळ्यात दुधी अळिंबी तग धरते. सोयाबीन आणि कपाशीच्या या जिल्ह्यात भुसकटाला तोटा नाही. खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीचे कृषी विद्यापीठ येथे इच्छुकांनी चौकशी करावी. हिवाळ्यातली धिंगरी वाळवून बरणीत भरली, तर वर्षभर कधीही अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून वापरता येते.

यंदा एखाद्या संध्याकाळी हा पदार्थ करून पाहावा. पहिल्यांदा खाणाऱ्याने थोडाच खावा, मानवतो का ते पाहावे. आणि ताटल्या मांडताना आजोबांची ताटली वेगळी काढू नये.