'परमिशन डिनाइड' आणि ७७७ चा मोह

संशोधनासाठी डेटा गोळा करायचा म्हटलं की कधी ना कधी एक छोटं वेबपान बनवावंच लागतं. लोकांनी ध्वनिफीत किंवा फोटो अपलोड करायचा आणि तो आपल्या सर्व्हरवर जमा व्हायचा, एवढंच काम. तुम्ही चाचणी घेता, बटण दाबता, आणि लॉगमध्ये येतं 'परमिशन डिनाइड'. शोधाशोध केली की पहिलंच उत्तर मिळतं: फोल्डरला ७७७ द्या. तुम्ही देता. चालतं. रात्रीचे अकरा वाजलेले असतात, झोपायला जाता.

मीही गेले होते. बोलीभाषेच्या मुलाखतींच्या ध्वनिफिती त्या फोल्डरमध्ये येत होत्या. आठवड्याभरानं सरांनी सहज ब्राउझरमधल्या पत्त्यातून फाईलचं नाव पुसलं, फक्त फोल्डरपर्यंतचा पत्ता ठेवला आणि एंटर मारलं. समोर सगळ्या फाईलींची यादी. प्रत्येक फाईलच्या नावात बोलणाऱ्या व्यक्तीचं नाव आणि गाव. आणि संमतीपत्रावर आम्हीच लिहून दिलं होतं की तुमची ओळख उघड होणार नाही.

आता गंमत बघा (तेव्हा अजिबात गंमत वाटली नव्हती): ती यादी ७७७ मुळे दिसत नव्हती. मी घाईघाईनं ७५५ केलं तरी यादी तशीच. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. लिनक्सच्या परवानग्या ठरवतात की त्या मशीनवरचा कोणता युजर फाईलला हात लावू शकतो. बाहेरच्या माणसाला काय मागता येईल, हे ठरवतं वेब सर्व्हरचं कॉन्फिगरेशन. बाहेरचा माणूस तुमच्या मशीनवर युजर म्हणून येतच नाही. त्याच्या वतीनं फाईल वाचतो तो वेब सर्व्हर, आणि त्याला वाचायची परवानगी आहे म्हटल्यावर तो वाचून देणार. माझं फोल्डर वेबच्या मूळ फोल्डरच्या आत होतं आणि अपाचीमध्ये फोल्डरची यादी दाखवण्याचा पर्याय चालू होता. दोन दरवाजे आहेत, आणि मी दोन्ही उघडे टाकले होते.

मग ७७७ नं काय बिघडवलं? आकडे सोपे आहेत: वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. शेवटचा ७ म्हणजे त्या मशीनवर खातं असलेल्या कुणालाही तिथे फाईल टाकता येते आणि तुमची फाईल पुसताही येते. विभागाचा सर्व्हर पन्नास जण वापरत असतील तर पन्नास जणांना. हो, पुसायची परवानगी फाईलवर नसते, ती फोल्डरवर लिहिण्याची परवानगी असते. म्हणून 'फाईल तर फक्त वाचण्यापुरती ठेवलीय' हा दिलासा फसवा आहे.

मुळात ती एरर का आली होती, ते आधी विचारायला हवं होतं. फोल्डर बनवलं माझ्या खात्यानं, पण लिहायला जातो वेब सर्व्हर, आणि तो वेगळ्या युजरच्या नावानं चालतो. डेबियन-उबंटूवर त्याचं नाव डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, रेड हॅटच्या कुटुंबात अपाचीसाठी नुसतं अपाची. तो मालकही नाही, गटातही नाही, म्हणून 'उरलेल्यांत' मोजला जातो. उपाय सगळ्यांना दार उघडण्याचा नाही, मालक बदलण्याचा आहे.

आणखी एक जागा, जिथे दिवस वाया जातो: फोल्डरवरच्या 'चालवणे' परवानगीचा अर्थ त्यातून पुढे जाण्याची मुभा. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ती लागते. उबंटू २१.०४ पासून नव्या युजरचं होम फोल्डर ७५० असतं, त्यामुळे होमच्या आत ठेवलेलं अपलोड फोल्डर कितीही मोकळं केलं तरी वेब सर्व्हर दारातच अडतो. 'नेमआय' कमांडला 'एल' पर्याय देऊन पूर्ण वाट तपासा, कुठे अडलंय ते ओळीओळीनं दिसतं.

सध्या माझी मांडणी अशी आहे. अपलोडचं फोल्डर वेबच्या मूळ फोल्डरच्या पूर्ण बाहेर. मालक वेब सर्व्हरचा युजर, गट आमच्या प्रकल्पाचा, परवानगी ७५०. म्हणजे सर्व्हर लिहितो, टीम वाचते, बाकीच्यांना आत पाऊलही टाकता येत नाही. टीमला पुसता येत नाही याबद्दल एका सहकाऱ्यानं कुरकुर केली, पण मूळ डेटा कुणीच बदलू नये हे मला तरी बरंच वाटतं.

फोल्डर बाहेर ठेवण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. आत असेल आणि कुणी ध्वनिफितीऐवजी पीएचपीची फाईल अपलोड केली, तर पत्ता टाकताच सर्व्हर ती चालवू शकतो. 'तिच्यावर चालवण्याची परवानगीच नाही' असं म्हणू नका. पीएचपीचा इंटरप्रिटर ती वाचतो आणि स्वतः चालवतो, त्याला वाचण्याची परवानगी पुरते. ६४४ इथे वाचवत नाही.

ब्राउझर फाईलचा जो प्रकार सांगतो, तो पाठवणाऱ्याचा निव्वळ दावा असतो. फाईलचे सुरुवातीचे बाइट स्वतः तपासा, आणि चालणाऱ्या प्रकारांची छोटी यादी ठेवून बाकी सगळं नाकारा. पाठवणाऱ्यानं दिलेलं नावही वापरू नका. त्यात वरच्या फोल्डरकडे नेणारे ठिपके असू शकतात, आणि साधी गोष्ट म्हणजे दोन जणांच्या फोनवर 'रेकॉर्डिंग १' असतंच. दुसरी पहिलीला खाऊन टाकते. सर्व्हरनं स्वतः एक यादृच्छिक क्रमांक द्यावा. क्रमांक आणि व्यक्ती यांची जोडणारी नोंद वेगळीकडे, शक्यतो त्या सर्व्हरवर नकोच.

आकाराचं थोडक्यात: पीएचपीची मूळ मर्यादा २ एमबी, एनजिनएक्सची १ एमबी. मुलाखत यात मावणार नाही. ४१३ एरर आली तर परवानग्यांना हात लावू नका, ही मर्यादा वाढवा.

माझ्या त्या फाईली त्याच दुपारी हलवल्या, नावं बदलली. सर्व्हरचे ॲक्सेस लॉग काढून यादी कुणी कुणी उघडली ते पाहिलं: सरांशिवाय दोन अनोळखी पत्ते होते. त्यानंतर सहभागी लोकांना एकेक फोन करून हे सांगायला मला चार दिवस लागले.