जुन्या कपाटाचा रंग काढताना

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. मागोमाग टेल्को आली, बजाज आली. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडी-आकुर्डीच्या माळावर कामगारांना स्वतःची घरं बांधता येऊ लागली. ज्यांना परवडलं त्यांनी ओट्याखालची कपाटं, भिंतीतली फडताळं सागवानात करून घेतली. पुढे कधी दिवाळीच्या तोंडावर, कधी घरातल्या लग्नाच्या निमित्तानं त्यांच्यावर ऑइल पेंटचा एकेक हात चढत गेला. आता अशा घरांचं नूतनीकरण किंवा पुनर्विकास निघाला की ही कपाटं सर्रास भंगारात जातात आणि त्यांच्या जागी पाणी लागलं की फुगणारं पार्टिकल बोर्ड येतं. रंगाच्या थरांखालचं लाकूड मात्र पुष्कळदा धडधाकट असतं. ते वाचवणं शक्य आहे, पण कामाचा क्रम सांभाळावा लागतो. घाई केली तर लाकूड बिघडतं आणि माणसाच्या तब्येतीवरही बेततं.

आधी रंग ओळखा

सर्वांत मोठा धोका जुन्या रंगातल्या शिशाचा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसं भरपूर असू शकतं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक आहे आणि त्याचं सुरक्षित म्हणावं असं कोणतंही प्रमाण नाही.

म्हणून २०१७ पूर्वीचा रंग शिशाचाच आहे असं धरून चालावं. कोरडं घासणं आणि मशीनचं सँडिंग टाळावं. ब्लो लॅम्पची ज्योत तर लावूच नये, कारण प्रचंड उष्णतेत शिशाची वाफ होऊन ती श्वासातून आत जाते. पृष्ठभाग ओला ठेवून पत्र्यानं खरवडावं, खाली जाड प्लॅस्टिक अंथरावं आणि मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या जागेपासून लांब ठेवावं. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, त्यासाठी बारीक कण अडवणारा फिल्टरचा मास्क लागतो. रंगाचे रिकामे डबे घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. खरवडलेला रंगही घट्ट बांधून वेगळा द्यावा.

थर उतरवताना

शटर, ड्रॉवर उतरवा. प्रत्येकाच्या मागे आणि त्याच्या जागी एकच क्रमांक घाला. बिजागऱ्या, मुठी, स्क्रू त्या-त्या क्रमांकाच्या पुडीत ठेवा. मग शटरच्या मागच्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहा. थर चिकट होऊन बोळ्याला लागला तर ते लाखेचं पॉलिश आहे आणि ते स्पिरिटनंच निघेल. काही झालं नाही तर बहुधा ऑइल पेंट आहे, त्याला रिमूव्हर लागेल.

रिमूव्हरचा थर जाड द्यावा आणि ब्रश एकाच दिशेनं फिरवावा. वर प्लॅस्टिक झाकलं की तो लवकर वाळत नाही. डब्यावर लिहिलेला वेळ गेल्यावर रंग सुरकुततो, फुगतो. बोथट पत्रा रेषांच्या दिशेनं सरकवला की आधी वरचा क्रीम, मग हिरवा, शेवटी तळाचं गुलाबी अस्तर अशा पट्ट्या निघत येतात. कोरीव खाचांत पितळी ब्रश वापरावा. जोर लावून सागवानाला ओरखडे पाडण्यापेक्षा दुसरा हात दिलेला बरा.

रिमूव्हर घेताना डब्यावरचे घटक वाचा. मिथिलीन क्लोराइड असलेला रिमूव्हर झपाट्यानं काम करतो, पण बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. अमेरिकेत २०१९ पासून ग्राहकांना असा रिमूव्हर विकायला बंदी आहे. कॉस्टिक सोड्याचा जुना उपायही नको. त्यानं सागवान काळवंडतं, व्हिनिअर सुटतं आणि हात भाजतात.

पेंट शॉपचा धडा

चाकणच्या कारखान्यांत गाडीचा सांगाडा रंगायला घेण्याआधी तेलकटपणा धुतला जातो, फॉस्फेटचा थर दिला जातो, इलेक्ट्रोकोटच्या हौदात बुडवून भट्टीत भाजला जातो. मगच त्यावर रंग चढतो. तेलाचा एक थेंब राहिला तरी फिनिशमध्ये खड्डा पडतो, हे तिथला प्रत्येक कामगार जाणतो. लाकडालाही हेच लागू आहे. रंग पूर्ण निघाल्यावर आणि लाकूड सुकल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं सुरुवात करून १२०, १८०, २२० असं चढत जावं. मधला नंबर गाळला तर आधीच्या रेघा पॉलिशखाली उठून दिसतात. सागवानात स्वतःचं तेल असतं, म्हणून पॉलिशच्या ऐन आधी थिनरनं पुसून घ्यावं.

दिवाणखान्यातल्या कपाटाला लाखेचं पॉलिश शोभतं आणि पुढे त्याची दुरुस्तीही सोपी असते. स्वयंपाकघरात मात्र उष्णतेनं आणि साबणाच्या पाण्यानं ते बिघडतं, तिथे पीयू किंवा मेलामाइन बरं. हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत स्पिरिट उडताना ओलावा धरला जातो आणि पॉलिशवर पांढुरकी झाक येते. बेलतेल वापरलं असेल तर त्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.

प्रत्येक कपाटाचा रंग काढलाच पाहिजे असंही नाही. खाली प्लायवूड किंवा पातळ व्हिनिअर असेल, आणि रंग कुठेच सुटत नसेल, तर स्वच्छ धुऊन, ओल्या पेपरनं हलकंसं घासून पुन्हा रंगवणंच शहाणपणाचं.

या कामात सामानापेक्षा मजुरीच जास्त लागते. शटर उतरवणं, क्रमांक घालणं, धुणं ही कामं घरच्यांनी केली तर खर्च वाचतो. त्यातला थोडा भाग पॉलिशवाल्यासाठी खर्च करावा. हीच धूळ, हीच वाफ त्याच्या छातीत रोज जाते. कारखान्यातल्या पेंट बूथमध्ये मास्क असतो, हवा खेचणारे पंखे असतात. घरी येणाऱ्या कारागिराला किमान चांगला मास्क, हातमोजे आणि उघडी गॅलरी मिळायला हवी. त्यांचा खर्च अंदाजपत्रकात त्यानं मागण्याआधी आपणच धरावा.